सातव्या नमुन्यातली चिमूट

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे. आशीर्वाद मात्र प्रत्यक्ष पाठवावा.) तुझा खोकला गेला का? नवा चष्मा नाकावर बसतो की अजून कपाळावरच राहतो? इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं काय ते पुढे कळेलच.

तू जन्मभर गणित शिकवलंस, तेव्हा सुरुवात हिशेबानेच करतो. चिमूटभर पांढरी पूड. तिची किंमत शून्य धर, सांडली तर कोणी वाकून उचलणार नाही. तिच्यापायी आजवर झालेला खर्च असा: माझ्या लेकीचे अकरा आठवडे, एकोणीस पांढऱ्या चकत्या, तिचं साडेतीन किलो वजन (माझं दोन किलो वाढलं, काळजीने मला भूक लागते), माझ्या चहातली दीड महिन्याची साखर, आणि बापाकडे बघताना पोरीच्या डोळ्यांत जो एक विश्वास असतो तो. हा शेवटचा अजून खर्ची पडलेला नाही. पण पडणार आहे, आणि कसा ते मला एकट्यालाच ठाऊक आहे.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण देवाने आपल्या घरात कानांची वाटणी करताना तुझा डावा कान मला जास्तीचा देऊन टाकला. मला भिंतीपलीकडचं ऐकू येतं आणि तुला समोरचं येत नाही. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे आधी सगळ्या गल्लीला विश्वासात घ्यावं लागतं. ही गोष्ट गल्लीला सांगण्यासारखी नाही, घरात तर त्याहून नाही.

तर ऐक, म्हणजे वाच. आपली कारणबाई (हे नाव तूच ठेवलंस, चार वर्षांची असताना ‘पाणी ओलं का असतं’ असं विचारून तिने तुला गप्प केलं तेव्हा) गेली तीन वर्षं प्रयोगशाळेत तारा बनवते. तार म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर कपडे वाळत घालायची तार येईल. तशी नाही. तिच्याकडे नखाएवढ्या पांढऱ्या चकत्या असतात आणि त्या चकतीला आरपार इतकी बारीक भोकं असतात की तुझ्या एका केसाच्या जाडीत तीनशे तरी शेजारी शेजारी मावावीत. (तुझे केस आता विरळ झालेत हे मान्य, पण जाडी तीच.) चकतीच्या एका अंगाला धातूचा पातळ लेप द्यायचा, ती निकेल आणि लोखंड विरघळवलेल्या पाण्यात बुडवायची, वीज सोडायची. धातू भोकाच्या तळाशी बसायला लागतो आणि विहिरीला पाणी चढावं तसा हळूहळू वर चढतो. भोक भरलं की झाली तार. अशा कोट्यवधी तारा एका चकतीत. डोळ्याला दिसतं काय, तर चकती जरा काळी पडली.

हे तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी जेवता जेवता उडालोच. म्हटलं, अगं, हा तर आपला मुलामा! टाकी, द्रावण, वीज, धातू. एकतीस वर्षं मी दुसरं काय करतोय? तर हात न थांबवता म्हणते कशी, “बाबा, तुम्ही वरून चढवता. मी आतून भरते.” तिची आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मी हसलो नाही. ते वाक्य मला तेव्हा लागलं नव्हतं, आता लागतं.

पण तिला मी कमी लेखतो असं समजू नकोस. पत्र्याच्या एका शेडमध्ये, टाकीला वीज पुरवणाऱ्या उसन्या रेक्टिफायरवर मी नळांना निकेल चढवायला लागलो तेव्हा मला काय येत होतं? काही नाही. नाक, डोळे आणि कान यांवर शिकलो. आज चार टाक्या आहेत, आणि कुठलंही द्रावण दुरून रंगावरून सांगतो, डोळे बांधले तर वासावरून सांगतो. आणि माझी चिमूट! निकेलच्या टाकीत सॅकरिन (साखरेऐवजी चहात घालतात तेच) घातलं की थर बारीक कणांचा बसतो, तडकत नाही, चकाकतो. हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण किती घालायचं हे तराजू सांगतो त्यापेक्षा माझी दोन बोटं अचूक सांगतात. कामगार त्या पुडीला ‘गोडी’ म्हणतात आणि ती मी औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत, खिशात बाळगतो. एकतीस वर्षांत माझी चिमूट एकदाही चुकलेली नाही. हे वाक्य ध्यानात ठेव.

पोरीची अडचण अशी होती की लोखंड आगाऊ निघालं. तिला तारेत चार भाग निकेल आणि एक भाग लोखंड हवं. पण लोखंड म्हणजे न बोलावता पहिल्या पंगतीला बसणारा पाहुणा. द्रावणात थोडंसं घातलं तरी तारेत भरपूर शिरतं. मेळ बिघडला की तारांचा स्वभाव बिघडतो. तो स्वभाव बघायचं एक यंत्र आहे. नमुना एका काडीच्या टोकाला चिकटवून दोन मोठ्या चुंबकांच्या मध्ये थरथरवत ठेवतात आणि तार किती सहज चुंबक होते ते मोजतात. लांबीच्या दिशेने ती चटकन वळते, आडवी धरली की हटून बसते (आपल्या घराण्यातच जन्मली असणार). पण खरी गंमत पुढे आहे. एकदा चुंबक झालेल्या तारेला ते विसरायला लावायचं, त्यासाठी उलटा जोर किती लागतो तेही मोजतात. काही तारा लगेच विसरतात, काही मनात धरून ठेवतात. आपल्या पोरीला लगेच विसरणाऱ्या हव्या होत्या. पहिले सहा नमुने मनात धरून ठेवणारे निघाले.

सातव्या नमुन्याच्या दिवशी ती डबा घरी विसरली आणि तो पोचवायला मी प्रयोगशाळेत गेलो. लांबट खोली, खिडकीशी काळ्या दगडाचा ओटा, त्यावर झाकण लावलेलं एक बुटकं पांढरं भांडं, त्यातून दोन वायरी बाहेर आलेल्या, आणि शेजारी काचेचा एक उघडा पेला, फिकट हिरव्या पाण्याने अर्धा भरलेला. ती म्हणाली, “बाबा, बसा. कशाला हात लावू नका. चकती घेऊन आलेच.” मी बसलो. (तेवढ्यात कारखान्यातून मिस्त्रीचा फोन आला. त्या पांढऱ्या भांड्याखालची पेटी सारखी कट्-कट् करत होती, त्यात त्याचं बोलणं धड ऐकू येईना, म्हणून तिच्या बटणाचा कान पिळून तिला गप्प केलं. मिस्त्रीला विचारायचं एवढंच होतं की कपाटाची चावी कुठे आहे. चावी माझ्या खिशात होती.) फोन ठेवला आणि त्या फिकट हिरव्या पाण्याकडे बघत राहिलो. आता भांड्यात ओततील ते हेच, हे उघड होतं. रंग पाहिला, वास घेतला: पहिल्या प्रतीचं निकेल, आमच्यापेक्षा पातळ. नाजूक काम, नाजूक द्रावण. आणि मनात आलं, सहा नमुने फुकट गेले, पोर रोज उतरलेल्या तोंडाने घरी येते, आणि तिच्या बापाच्या खिशात गोडी आहे. ताई, मी डबी कधी उघडली ते मलाही कळलं नाही. चिमूट पाण्यात पडली, विरघळली, संपलं. पोर परत आली, आभार मानून मला घालवून दिलं आणि कामाला लागली.

चार दिवसांनी तिचा फोन: “बाबा, सातवा!” मेळ अगदी हवा तसा, तारा लगेच विसरणाऱ्या, आलेख असा सुबक की तिच्या मार्गदर्शक बाई (या बाईंची आजवरची सर्वांत मोठी शाबासकी ‘बघू’ ही होती) म्हणाल्या, “चांगलं आहे.” त्या दिवशी तिच्या आईने शेजाऱ्यांना हाक मारून सांगितलं. मी मूग गिळून बसलो होतो, पण आतून फुगलो होतो. बाप असावा तर असा, हे कोणी म्हणत नव्हतं, म्हणून मीच मनात म्हणत होतो.

मग आठवा झाला. तो पहिल्या सहांसारखा. नववा, दहावा, अकरावा, सगळे पहिल्या सहांसारखे. तिने द्रावण नवं केलं, चकत्या बदलल्या, वीज मोजणारं यंत्र बदलून बघितलं. एकोणीस चकत्या गेल्या आणि सातवा काही पुन्हा होईना. होणार कसा? गोडी माझ्या खिशात!

तू म्हणशील, मग सांगितलं का नाहीस? तीनदा निघालो सांगायला. पहिल्यांदा खोलीच्या दारापर्यंत गेलो, तर तिनेच विचारलं, “बाबा, तुमच्या टाकीत असं झालं तर तुम्ही काय धराल?” बाप म्हणून उत्तर द्यायचं होतं, पण माझ्यातला कारखानदार बोलून गेला: “पाण्यात दोष असेल.” पोरीने बापाचा शब्द मानून दोन आठवडे पाणी तपासलं. दुसऱ्यांदा म्हटलं, तोंडाने नको, खुणेने सांगू, म्हणून गोडीची अख्खी बरणी ‘सॅकरिन’ असं नाव लिहून तिच्या टेबलावर ठेवली. तिने ती आईला दाखवली, आईने निष्कर्ष काढला की मला साखरेचा विकार जडला आहे आणि मी तो लपवतोय. त्या संध्याकाळपासून घरातली साखर कुलपात. मी शपथेवर सांगितलं की मला काही झालेलं नाही, तर म्हणते, “सुरुवातीला सगळे असंच म्हणतात.” तिसऱ्यांदा खरोखर तोंड उघडलं होतं, पण त्या दिवशी ती रडत होती.

त्या रडण्याचं कारण मी भिंतीपलीकडून ऐकलं. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एकाने सगळ्यांसमोर हसत विचारलं होतं, “सातवा नमुना नक्की भांड्यात झाला की वहीत?” ताई, हिच्याआधी आपल्या घरात कोणी फारसं शिकलं नाही, एक तू सोडून. पण खोटं केलं असं आपल्याला कोणी म्हटलेलं नाही. आता बाईंनी सांगितलंय की पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला तज्ज्ञांपुढे काम मांडायचं. तोवर सातवा पुन्हा करून दाखव, नाहीतर प्रबंधातून काढून टाक. काढला तर ते प्रकरण कोसळतं, एक वर्ष वाढतं, आणि शिष्यवृत्ती तर याच वर्षी संपते. शिवाय काढून टाकणं म्हणजे त्या हसणाऱ्याला ‘तुझंच खरं’ म्हणण्यासारखं.

परवा सकाळी ती तिच्या खोलीत सातव्याच्या दिवसाची वही मोठ्याने वाचत होती. मी भिंतीच्या अलीकडे दाढी करत होतो. तिच्या वहीत सगळं असतं, ताई. “खिडकी बंद. हवा दमट. पंखा चालू. नवी चकती, पाकीट तिसरं.” मग म्हणाली, “बाबा डबा घेऊन आले.” आणि थांबली. माझा वस्तरा गालावर तसाच. मग ती पुढे गेली: “वीज अकरा वाजून दहाला सुरू.” तिने मला खिडकी आणि पंख्याच्या ओळीत लिहून ठेवलं होतं, आणि खिडकीवर शंका घेतली, पंख्यावर घेतली, माझ्यावर घेतली नाही.

तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही. माझ्या कारखान्यात वही नाही. जे आहे ते माझ्या बोटांत आहे आणि त्याचा मला केवढा गर्व! गिऱ्हाईक चकाकलेला नळ घेऊन जातं, का चकाकला ते विचारत नाही. उद्या मी नसलो तर मिस्त्री चाचपडत बसेल. मी त्याला कधी प्रमाण सांगितलं नाही, ‘बघून शीक’ म्हटलं. खरं म्हणजे मला भीती वाटायची की प्रमाण लिहून दिलं तर माझी गरज काय उरली? आणि ही पोर आपली हवा, पंखा, चुका, सगळं लिहून ठेवते, म्हणजे जगात कुठेही कोणीही तसंच करून तिला खोटं ठरवू शकेल. तसं कोणी ठरवू शकलं नाही तरच ते खरं, असं ती म्हणते. ‘आतून भरते’ म्हणजे काय ते मला या वयात कळतंय.

असो, फार लिहिलं. तुझ्या शेजारणीला नमस्कार, मांजराला हवं ते. लोभ आहेच. हे पत्र वाचून तो कमी झाला असं वाटलं तर पत्र पुन्हा एकदा वाच.

तुझा
धाकटा

ता. क. – आता मुद्द्याचं. मी सात वर्षांचा असताना भिंतीवरचं घड्याळ उघडून बघितलं आणि ते पुन्हा लागेना, तेव्हा वडिलांना तू सांगितलंस. मी पलंगाखाली होतो. तसंच आता एकदा कर. तिला तुझ्याकडे चार दिवस बोलावून घे आणि चिमटीचं तू सांग. तुझ्यावर ती रागावणार नाही, आणि माझ्यावरचा राग प्रवासात थोडा निवेल. मी पलंगाखाली जायला तयार आहे, फक्त गुडघे वाकत नाहीत.

ता. क. दुसरा, आठ दिवसांनी – वरच्या विनंतीवर एक सरळ रेघ मारली आहे. फाडली नाही. पोरीच्या वहीची रीत अशी की चूक खोडायची नाही, ती वाचता येईल अशी एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर ते लिहायचं. म्हणून तेच पत्र पाठवतोय.

झालं असं की चार दिवसांपूर्वी जेवताना ती म्हणाली, उद्या बाईंना सांगणार आहे की सातवा काढून टाका, चूक माझीच असेल. शांतपणे म्हणाली, मीठ दे म्हणावं तसं. मी ताट सरकवलं आणि सगळं सांगितलं. डबी, चिमूट, पाण्याचा दोष, बरणी, सगळं. तिची आई इतकंच म्हणाली, “म्हणजे साखरेचं काही नाही?” पोर उठली, वही आणली, तारीख घातली. डबी माझ्यापुढे ठेवली आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर मला चिमूट टाकायला लावली, पाच वेळा. (पाचही वेळा काटा निराळा आकडा दाखवत होता. काटा खराब आहे असं मी म्हटलं. तिने तेही लिहिलं.) मग विचारलं, “कुठल्या भांड्यात टाकलीत?” मी सांगितलं. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते, तर हसत होती. बारा आठवड्यांनी. म्हणाली, “ते राहू द्या. आणखी कशाला हात लावलात?” म्हटलं, कशालाही नाही. हां, त्या कटकट करणाऱ्या पेटीचा कान पिळला होता. परत चालू करायचा राहिला.

ताई, ती उभीच राहिली. ती पेटी द्रावण ढवळणारी होती. आत चुंबकाची कांडी फिरते आणि पाणी हलतं ठेवते. दिवा चालूच होता, म्हणून हिला कळलं नाही. संध्याकाळी ती रोजच बटण शून्यावर आणते, म्हणून दुसऱ्या दिवशीही कळलं नाही. पाणी हलतं असलं की लोखंडाला तारेपर्यंत सारखा पुरवठा होतो. पाणी थांबलं की तो पाहुणा दाराशीच खोळंबतो आणि मेळ बरोबर बसतो. माझ्या टाक्यांत हवेचे बुडबुडे सोडून पाणी हलवतात. ते बंद ठेवलं म्हणून मी किती कामगारांना शिव्या घातल्या असतील, याची मोजदाद नको. जाणूनबुजून केलं त्याच्यावर माझं लक्ष खिळलं होतं, आणि न बघता केलं तेच खरं ठरलं.

काल आणि आज मिळून तिने न ढवळता तीन नमुने केले. तिन्ही सातव्यासारखे, तिन्ही लगेच विसरणारे. बाई म्हणाल्या, “बघू,” पण हसून म्हणाल्या. प्रबंधात आता ढवळण्यावर एक निराळं प्रकरण येणार आहे. पोर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी डबा विसरली आणि फोन करून म्हणाली, “आणून द्या. बाहेरच्या बाकावर ठेवा आणि जा.” मी ठेवून आलो. मिस्त्रीला मी एक वही आणून दिली आहे.

ता. क. तिसरा – चिमूट कुठल्या पेल्यात पडली ते लिहायचं राहिलं. सकाळपासून त्यात चकत्या बुडवून बुडवून हिरवट झालेलं ते धुण्याचं पाणी होतं.